मागची गाडी

दिवाळी झाली होती. सोयाबीन मोंढ्यावर जाऊन आलं होतं, हरभरा पेरून मी मोकळा झालो होतो. अशा टायमाला दोस्ताच्या पोराचा फोन आला. पोरगा लातुरात दातांचा डॉक्टर आहे. म्हणाला, "काका, आम्ही चौदा जण नांदेडहून पंढरपूरला सायकलवर निघालाव. मागं दोन गाड्या पाहिजेत. एक कार हाय, दुसरं तुमचं पिकअप पाहिजे. आन् चालवायला तुम्हीच पाहिजेत."

मी म्हणलं, "चांगला ड्रायव्हर देतो की. माझं वय झालं आता."

तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "बाबाची अट हाय, काका. गाडीवर तुम्ही असाल तरच जा म्हणले."

फोन ठेवला आणि बांधावर बसून राहिलो. त्याच्या बापाला चालताना डावा पाय ओढावा लागतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. कशामुळं, तेही माहीत आहे. पण त्या रातीला नेमकं काय झालं, हे आम्हा पाच जणांपुरतंच राहिलं. त्यातले दोघं आता नाहीत.

ते सांगायचं म्हणजे आधी सायकलीचं सांगायला पाहिजे.

आमचं गाव अहमदपूरच्या अलीकडं, नांदेड-लातूर सडकेपासून कोसभर आत. निजामाच्या राज्यात गावात पहिली सायकल आली ती गिरदावराची, असं आजा सांगायचा. पोरं तिच्या मागं वेशीपर्यंत पळायची आणि म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, हा बाबा पडंना कसा. आमच्या घरात सायकल आली ती माझी दहावी झाल्यावर. पुढं शिकवायची ऐपत नव्हती. वडलांनी माळेगावच्या यात्रेत एक गोऱ्हा विकला, देणं भागवलं आणि उरलेल्या पैशात अ‍ॅटलास घेतली. शाळा गेली आणि सायकल आली, असा तो हिशोब. पण मला राग आला नाही, खरं सांगतो. तिच्यावर दळण गेलं, डीएपीचं पोतं गेलं, दुधाच्या किटल्या गेल्या, चुलतीला बाळंतपणाला अहमदपूरला नेलं तेही कॅरेजवर बसवून. वर्षातून एकदा ओव्हरऑइल करायची, चाकाच्या तारांत रंगीत मणी घालायचे. पुढं मी तिला डायनामो बसवला. आताच्या पोरांना डायनामो माहीत नाही म्हणून सांगतो. बाटलीच्या आकाराचं ते यंत्र टायरला घासायचं आणि त्यावर बत्ती लागायची. चाक फिरतंय तोवर उजेड. चाक थांबलं की अंधार.

सायकलवर लांब जायचं खूळ आपल्याकडं जुनं आहे. 15 ऑक्टोबर 1923 ला मुंबईतून सहा पारशी तरुण जग बघायला सायकलवर निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघं मार्च 1928 मध्ये परत आले. 71,000 किलोमीटर. इराण, इराकची वाळवंटं, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सगळं पालथं घातलं. साडेचार वर्षं घरदार नाही आणि मागं गाडीबिडी काही नाही. पाणी सरलं तर सरलं. त्यांनी पुढं पुस्तक लिहिलं, त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. फार मोठी माणसं. तरी ही हकीकत ऐकली तेव्हा माझं मन गेलं ते वाटेत गळालेल्या बाकीच्या तिघांकडं. जे शेवटाला गेले त्यांचं पुस्तक झालं.

दुसरी एक गोष्ट मला त्या डॉक्टर पोरानंच सांगितली. फ्रान्समध्ये सायकलची मोठी शर्यत असते, टूर द फ्रान्स, 1903 पासूनची. 1913 साली यूजीन क्रिस्तोफ नावाचा गडी पुढं होता आणि डोंगर उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. त्या काळी नियम असा, की आपलं आपण नीट करायचं, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. सायकल खांद्यावर घेऊन तो मैलोगणती डोंगर उतरला आणि एका खेड्यात लोहाराच्या भट्टीवर गेला. लोखंड त्यानं स्वतः तापवलं, स्वतः ठोकलं. पंच बाजूला उभे राहून बघत होते. एका लहान पोरानं तेवढा भाता ओढला. तर दुसऱ्याची मदत घेतली म्हणून त्याला वेळेचा दंड झाला! आमच्या गावच्या लोहाराला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "भाता ओढणाऱ्याशिवाय लोखंड तापतंय का कुठं? त्या पंचाला भट्टीसमोर बसवायला पाहिजे होतं." आता त्याच शर्यतीत टपावर चार-चार सायकली बांधलेल्या मोटारी मागं पळतात. शंभर वर्षांत शहाणपण आलं म्हणायचं.

आमचं खूळ मात्र बाबा आमट्यांपासून सुरू झालं. 1985 च्या डिसेंबरात बाबांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ काढलं. पंजाब पेटलेला होता, इंदिराबाई जाऊन वर्ष झालं होतं. 116 तरुण, त्यांत सोळा पोरी, सगळे सायकलवर, आणि 5,042 किलोमीटरचा पल्ला. बाबांचं वय तेव्हा एकाहत्तर. पाठीचा कणा असा गेलेला, की उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं, बसता यायचं नाही. म्हणून ते गाडीत आडवे होऊन गेले. ग्रामपंचायतीत पेपर यायचा, त्यात आम्ही हे वाचलं. आमच्यातला एक जण सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला एकदा जाऊन आलेला, तो तर हरखूनच गेला. कन्याकुमारी आमच्या आवाक्याबाहेर होती. घरी बैलं, औत, म्हातारी माणसं. मग ठरलं, माघीला सायकलवर पंढरपूर करायचं.

माझे वडील म्हणाले, "लातूरहून आगीनगाडी जाती की पंढरपूरला. तंगड्या कशाला मोडून घेता?" खरं होतं. तेव्हा बार्शी लाइटची ती बारकी रेल्वे चालू होती, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी करत पंढरपूर आणि पुढं मिरज. साहेबानं बांधलेली, लातूरला 1911 साली आलेली. इतकी सावकाश, की माणसं मधीच उतरून परत चढायची असं लोक सांगायचे. आम्ही ऐकलं नाही. वडलांच्या तोंडून तंगड्या मोडायचा शब्द निघाला, तो त्यांना पुढं आयुष्यभर सलला.

1986 चा फेब्रुवारी. ज्वारी उभी होती, काढणीला अवकाश होता. पाच जण, पाच सायकली. चार घरच्या आणि एक मागून आणलेली. ती मागून आणलेली दोस्ताकडं. तिला ना बत्ती, ना धड चेन. चेन ढिली, दर दोन-चार कोसाला उतरायची. मी म्हणलं, "तू रातीला माझ्या बाजूनं चल. माझा उजेड दोघांला पुरतोय."

पहिला मुक्काम लातूर. दुसऱ्या दिवशी मुरूड, ढोकी, येडशी. येडशीला दिवस मावळला. दशमीच्या आत पंढरपूर गाठायचं तर त्या रातीला बार्शीत पोहोचायला पाहिजे होतं. नवमीचं चांदणं टिपूर पडलेलं, त्यामुळं अंधाराची कुणालाच फिकीर नव्हती. सडक एकेरी, ट्रक कमी. पांगरीपर्यंत त्याची चेन चार वेळा उतरली. चार वेळा आम्ही थांबलो, हात काळे केले. पोटात कावळे ओरडत होते. पांगरीच्या पुढं पाचव्यांदा उतरली. तो खाली उतरून सडकेच्या कडंला बसला आणि ओरडला, "थांबा रे!"

मी पुढं गेलो होतो, पण ऐकलं. ब्रेक मारला, भुईला पाय टेकला. बाकीचे तिघं माझ्याही पुढं होते. त्यातला एक ओरडला, "काय झालं?" आणि मी म्हणलो, "काही नाही. येईल की तो." आणि पायंडल मारलं.

एवढंच झालं. ह्याच्यापेक्षा जास्त काही झालं असतं, भांडण झालं असतं, तर सांगायला सोपं गेलं असतं.

बार्शीच्या तोंडाला एका हॉटेलात आम्ही भजी खाल्ली, च्या घेतला. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग सगळेच गप झाले आणि उलटे फिरलो. तीन-चार किलोमीटर गेलो असू, समोरून बैलगाडी येताना दिसली, खाली कंदील बांधलेला. एक म्हातारा, एक म्हातारी, माघीलाच निघालेले. गाडीत कडबा, आणि कडब्यावर आमचा दोस्त. काठी लावून, म्हाताऱ्याच्या पटक्यानं पाय करकचून बांधलेला. कोणती गाडी घासून गेली, त्याला दिसलं नव्हतं. त्याच्या बाजूनं दोन ट्रक आणि एक जीप गेली, कुणी थांबलं नाही. थांबले ते बैल. मी गाडीत चढलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "सायकल घेतली का रे? मागून आणलेली हाय ती."

पाय सांधला गेला, पण आखूड झाला. औतामागं चालणं संपलं. त्यानं गावात किराणा दुकान टाकलं, त्यावर दोन पोरं शिकवली. त्याचं साडेचार एकर रान मी अकरा वर्षं पेरून दिलं, माझ्याच बैलांवर. त्यानं कधी का म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुकानाच्या ओट्यावर रोज बसणं-उठणं, सुखदुःखाला एकमेकांच्या दारात. पण पांगरीचं नाव आमच्यात पुन्हा निघालं नाही. पंढरपूरला तो नंतर पुष्कळदा गेला, कायम तुळजापूर-सोलापूरच्या वाटेनं. लांब पडते ती वाट.

असं सगळं मनात घेऊन मी पिकअप धुवून काढलं आणि नांदेडला गेलो.

पोरं म्हणायची तर ती पोरंही नव्हेत. चाळिशीतली माणसं. डॉक्टर, बियाणाचा दुकानदार, एक फौजदार, बँकेतले दोघं, शाळेतल्या एक बाई. सायकली अशा की एका बोटावर उचलाव्यात, आणि किंमत ऐकली तर खोंडाची जोडी यावी. नांदेडहूनच का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत ना, काका. म्हणून गुरुद्वाऱ्यात माथा टेकायचा आणि तिथून विठ्ठलाकडं जायचं." पटलं मला. नामदेव तर आमच्याच बाजूचे, नर्सीचे. हल्ली पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानपर्यंत सायकलवारीच निघते, दोन हजार किलोमीटरच्या वर, रथात पादुका घेऊन. तिथंही मागं गाड्या असतातच. मी तर म्हणतो, ही रीत आपल्याला नवी नाही. आषाढीची कुठलीही दिंडी बघा. टाळकरी पुढं नाचतात, आणि मागं सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर, पुढच्या मुक्कामाला जाऊन चुली पेटवणाऱ्या बाया. आमच्या आजाच्या वेळेला बैलगाडी असायची.

माझ्या गाडीत दोन जादा चाकं, ट्यूबा, पंप, पाण्याचे जार, केळीचे घड, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेच्या पुड्या. घरून मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती, ती माळाकोळीपर्यंतच संपली. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. सडक आता चौपदरी झाली. वाटेत एका पारावरच्या म्हाताऱ्यानं मला हात करून थांबवलं आणि पुढच्या सायकलवाल्यांकडं बघत विचारलं, "डिझेल परवडंना का ह्यांना? एवढी गाडी रिकामी हाय की तुझी, बसव की त्यांला."

मी दिवसभर शेवटच्या माणसाच्या मागं राहिलो. फार अवघड काम आहे हे. पिकअपला पंधरा-वीसच्या चालीनं हाकणं म्हणजे खोडकर बैल वेसणीला धरून चालवणं. क्लच तापतो, मागून हॉर्न वाजतात, शिव्या बसतात.

रातीला लातुरात मुक्कामावर गप्पा निघाल्या. अमेरिकेत एक शर्यत असते, ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, जवळपास 4,800 किलोमीटर. एकट्यानं केली तर बारा दिवसांत संपवायची. नाशिकचे महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, त्यांनी 2015 ला दोघांत मिळून ती नऊ दिवसांच्या आत पुरी केली. भारतातले पहिले. 2017 ला लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी ती एकेकट्यानं केली. मी विचारलं, मागं गाडी असते का? तर डॉक्टर पोरगा म्हणाला, "नुसती असते नाही काका, नियमच हाय. रातीला सायकलवाल्यानं मागच्या गाडीच्या उजेडातच चालायचं. उजेडाच्या बाहेर गेला की दंड." उलट आपल्याकडं दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हे नावाच्या सायकलफेऱ्या होतात, त्यात ठरलेल्या ठिकाणाशिवाय मदत घ्यायला बंदी. दोन्हीकडचे नियम करणारे शहाणेच असतील. मला अमेरिकेतला आवडला. त्या रातीला झोप काही लागली नाही.

सकाळी निघायच्या जागेवर दोस्त उभा. काठी, टोपी, खांद्यावर शबनम. पहिल्या एसटीनं आलेला. पोराशी बोलला नाही, माझ्याशी बोलला नाही. पिकअपचं दार उघडलं आणि म्हणाला, "सरक." तो कुठं सरकायचा सांगतोय ते मला कळंना, कारण मी तर स्टिअरिंगवर होतो. मग कळलं, सीटवरचा केळीचा घड सरकवायचा होता.

पहाटे निघायचं ठरलेलं, पण लातूरकरांनी सत्कार ठेवला होता. हार, फेटे, भाषणं. एका पुढाऱ्याची वाट बघण्यात अकरा वाजले, ते आल्यावर बोलण्यात बारा. सायकलवाल्याला फेटा बांधून काय मिळतं, विठ्ठलच जाणे. हार उन्हात गळ्यात खुपतात. निघाली एकदाची मंडळी. वारा समोरून होता. मुरुडाला दोन पंक्चर झाली. येडशीला यायलाच दिवस बुडाला.

येडशी सोडली आणि आम्ही दोघंही गप झालो. पुढचे तेरा जण वेगानं गेले, कार त्यांच्या मागं गेली, बार्शीत जेवण सांगितलेलं होतं. मागं राहिल्या त्या शाळेतल्या बाई, आणि त्यांच्या मागं आम्ही. चांदणं होतं. पांगरी आली, गेली. झाडं तोडलेली, सडक रुंद केलेली, मला तर जागाही ओळखू आली नसती. तो काचेतून डावीकडं बघत होता.

आणि बाई उतरल्या. चेन उतरली होती. मी गाडी थांबवली, लाइट चालू ठेवली, मागचे चारही दिवे लुकलुकायला लावले. खाली उतरणार, तोवर दोस्तानं माझ्या दंडाला धरलं आणि स्वतः उतरला. आखूड पाय सडकेवर लांब सोडून बसला. बाई म्हणाल्या, "राहू द्या काका, हात खराब होतील." त्यानं ऐकलं नाही. जुन्या सायकलीची सवय, पहिल्यांदा उलटी लावली, मग काढून नीट लावली. पाच मिनिटं गेली असतील. मग खिशातून फोन काढून पोराला लावला. मला एवढंच ऐकू आलं, "हाय तिथंच थांबा. सगळे. आम्ही येस्तोवर कुणी जेवायचं नाही."

बाई निघाल्या. तो वर येऊन बसला. हात काळे, ते टोपीला पुसले. मी गियर टाकला नाही. म्हणलं, "त्या रातीला तू थांबा म्हणलास ते मी ऐकलं होतं."

"माहीत हाय," तो म्हणाला.

"कसं काय माहीत?"

"तुझा उजेड गेला होता एकदा. मग परत लागला." त्यानं काच खाली केली. पुढं बाईंच्या सायकलीचा लाल दिवा बारीक होत चालला होता. म्हणाला, "हाक आता. बाई लांब गेल्या."